मुक्या माराखाली लपलेली गाठ : वाळवा तालुक्यातील एका मुलीच्या गुडघ्याचे प्रकरण

मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने ही नोंद लिहीत आहे. ओळख पटेल असे सगळे तपशील वगळले आहेत. गावोगावचे फॅमिली डॉक्टर, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि वाढत्या वयाच्या मुलांचे पालक हे माझे वाचक आहेत असे मी धरून चाललो आहे, कारण हाडाच्या गाठीचा पहिला संशय यायला हवा तो त्यांनाच. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञापर्यंत मूल पोहोचते तेव्हा बहुतेक वेळा संशयाची वेळ टळून गेलेली असते.

मुलगी चौदा वर्षांची, नववीत शिकणारी, शाळेच्या खो-खो संघातली. जूनच्या अखेरीस सरावात खुंटाला वळसा घालताना तिचा डावा गुडघा खुंटावर आपटला. सूज फारशी आली नाही, पण दुखू लागले. आजीने आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप दोन आठवडे लावला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वडील तिला घेऊन मिरजेत माझ्याकडे आले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुका मार हाय, पण महिना होत आला तरी ठणका जात न्हाई." मी गुडघा तपासला. सांध्यात पाणी नव्हते, स्नायुबंध घट्ट होते, गुडघा पूर्ण वाकत होता. दोन बाजूंनी एक्स-रे काढला, फ्रॅक्चर दिसले नाही, आणि तसे केसपेपरवर लिहून क्रेप बँडेज, वेदनाशामक गोळ्या आणि तीन आठवडे खेळ बंद असा सल्ला देऊन मी त्यांना घरी पाठवले.

या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे आणि ती मी आधीच नोंदवून ठेवतो. तो एक्स-रे मी नंतर अनेकदा पाहिला. गुडघ्याच्या सांध्याच्या वर चार बोटांवर, मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला, हाडाची बारीक जाळी एका ठिकाणी पुसट झालेली आहे. पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने पुसावे तसा अंगठ्याच्या नखाएवढा धुरकट पांढरा ठिपका तिथे आहे, आणि त्यालगत हाडाच्या बाहेरच्या भिंतीची कड खरखरीत झाली आहे. ठिपका त्या दिवशीही तिथेच होता. मी मात्र फक्त तुटलेली रेघ शोधत होतो आणि ती सापडली नाही म्हणून फिल्म बाजूला ठेवली. मार लागल्याची गोष्ट ऐकली की डोळा मारच शोधतो, आणि ही सवय माझ्यासारख्या रोज पन्नास गुडघे पाहणाऱ्या माणसाला जास्त जडते.

दुसरी चूक न विचारलेल्या प्रश्नाची. रात्री दुखते का, हे मी विचारले नाही. विचारले असते तरी वडिलांना ते सांगता आले नसते, कारण मुलगी आजीशेजारी झोपत असे.

गोळ्यांनी दुखणे दबले. ऑगस्टमध्ये मुलगी पुन्हा मैदानात उतरली. महिनाअखेरीस खो-खोच्या पाटीवर उकिडवे बसणे तिला जमेना. मग शेजारच्या गावात हाड बसवणाऱ्या एका गृहस्थांकडे तिला नेले. "शीर धरलीय" असे सांगून त्यांनी चार वेळा तेल लावून जोरात चोळून दिले. गणपती उठेपर्यंत मांडीच्या खालच्या भागावर उघड दिसणारा फुगवटा आला होता. अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी ते पुन्हा माझ्याकडे आले, आणि या वेळी आजी सोबत होत्या.

आजींचे उत्तर

त्या दिवशी मी मुलीच्या गुडघ्याला हात लावण्याआधी आजींना विचारले, "रात्री कशी झोपते?" आजी म्हणाल्या, "झोपती कुठं? दोनच्या सुमाराला उठून बसती. गुडघा छातीशी धरून भितीला टेकती. मी तेल चोळत बसती उजाडंपातूर." किती दिवसांपासून, असे विचारल्यावर आजींनी बेंदराच्या सणापासून असे सांगितले. म्हणजे ती पहिल्यांदा माझ्याकडे आली त्या सुमारास तिची झोप मोडू लागली होती, आणि ते घरातल्या एकाच माणसाला ठाऊक होते.

मुक्या माराच्या दुखण्याला एक उतार असतो. पहिले दोन-तीन दिवस ते जोरात असते, मग रोज थोडे कमी होत जाते आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक संपते. विश्रांती घेतली की ते थांबते, खेळले की जाणवते. हाडातल्या वाढत्या गाठीचे दुखणे उलट दिशेने चालते. आधी ते फक्त धावताना असते, नंतर चालताना येते, मग बसल्या जागी आणि शेवटी झोपेत. मधेच गोळ्यांनी ते आठ-पंधरा दिवस दबते आणि सगळ्यांची खात्री पटते की मारच होता. इथे हेच घडले. पडण्याने कर्करोग होत नाही. खेळणारे मूल महिन्यातून चार वेळा पडते, आणि आधीच तयार होत असलेल्या गाठीकडे त्यातल्या एखाद्या पडण्याने लक्ष जाते, इतकाच पडण्याचा आणि गाठीचा संबंध. चोळण्यानेही कर्करोग होत नाही, पण कारण न समजलेली हाडावरची सूज चोळू नये, कारण आतला भाग रक्ताळतो, पोखरलेले हाड मोडू शकते, आणि दिवस तर जातातच.

वाढत्या वयातल्या मुलांचे पाय संध्याकाळी दुखतात, त्या दुखण्याशी याची गल्लत होते, म्हणून फरक सांगतो. ते दुखणे दोन्ही पायांत असते, आज या पायात तर उद्या त्या पायात, पोटऱ्यांत आणि मांड्यांत पसरलेले. पाय दाबून दिले की मूल झोपते आणि सकाळी उड्या मारत शाळेत जाते. एकाच पायात, एकाच जागी, रोज, आणि दिवसा लंगडायला लावणारे दुखणे या खात्यात टाकता येत नाही. आणखी एक गोष्ट जाता जाता. खुब्याचा आजार मुलांना गुडघ्यात दुखवतो, त्यामुळे गुडघा तपासताना खुबा फिरवून पाहिलाच पाहिजे.

तपासणीत या वेळी सगळे उघड होते. गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त भरला. त्वचा ताणलेली, चकचकीत, हाताला कोमट, आणि तिच्यावर निळसर शिरा उमटलेल्या. फुगवटा हाडाला घट्ट चिकटलेला, बोटाखाली न हलणारा, दाबल्यावर दुखणारा. गुडघा नव्वद अंशांपुढे वाकेना. जांघेत गाठी नव्हत्या. ताप नव्हता. वजन दीड किलो उतरले होते. ताप नसणे, भूक बरी असणे, रक्ताचे रिपोर्ट बरे असणे यांनी कोणीही निर्धास्त होऊ नये, कारण हाडाचा कर्करोग झालेली बरीच मुले पहिल्या दिवशी बाकी सगळ्या बाबतीत धडधाकट दिसतात. या मुलीच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच ही पेशींतून रक्तात उतरणारी दोन्ही एन्झाइम वाढलेली आढळली, पण त्यातले पहिले वाढत्या वयात मुळातच जास्त असते, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर निर्णय होत नाही.

एका व्ह्यूबॉक्सवर दोन एक्स-रे

एक्स-रे हातात आला तेव्हा दुसरे मत घेण्याआधीच निदानाची दिशा स्पष्ट झाली होती. तो कसा वाचला हे सविस्तर सांगतो, आणि त्यासाठी याच घरातला दुसरा एक एक्स-रे फार उपयोगी पडला. मुलीच्या निदानाची कुजबूज घरात पसरताच काकांनी आपल्या सतरा वर्षांच्या मुलालाही दुसऱ्या दिवशी आणले. त्याच्या उजव्या गुडघ्याखाली, नडगीच्या हाडाच्या आतल्या अंगाला, पाच वर्षांपासून सुपारीएवढी टणक गाठ होती. "ह्याला पण त्योच रोग असंल का?" काकांचा आवाज कापत होता. मी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या आणि त्या दिवशी दवाखान्यात असलेल्या दोन तरुण डॉक्टरांना बोलावून घेतले.

मुलाच्या फिल्ममध्ये नडगीच्या हाडातून एक खुंटी बाहेर आली होती. हाडाची बाहेरची भिंत अखंडपणे खुंटीच्या भिंतीत वळत होती, आतला मगजही सलग खुंटीत शिरत होता, आणि खुंटीचे टोक सांध्यापासून दूर, खालच्या बाजूला वळलेले होते. आसपासच्या हाडाला या सगळ्याची गंधवार्ताही नव्हती. हा ऑस्टिओकॉन्ड्रोमा, हाडाच्या साध्या गाठींतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. हाडाच्या टोकाजवळची कूर्चेची जी चकती हाडाची लांबी वाढवते, त्या वाढीच्या चकतीचा एक कण बाजूला सरकून वेगळा वाढू लागतो, आणि उंची वाढायची थांबली की हीसुद्धा थांबते. ती स्वतः दुखत नाही, पण वरून स्नायू घासला, चेंडू लागला किंवा शीर दबली तर दुखते. एकच गाठ असेल तर ती कर्करोगात बदलण्याचा संभव शंभरात एकाहूनही कमी असतो. अंगावर अनेक ठिकाणी अशा गाठी असतील आणि घराण्यात त्या चालत आल्या असतील तर तो संभव वाढतो. उंची थांबल्यानंतर गाठ पुन्हा वाढू लागणे, शांत गाठ विनाकारण दुखू लागणे, किंवा प्रौढ माणसात गाठीवरची कूर्चेची टोपी दोन सेंटिमीटरहून जाड भरणे, यांपैकी काहीही झाले तर एमआरआय करावा. मुलाच्या बाबतीत यातले काहीच नव्हते, म्हणून शस्त्रक्रिया न करता वर्षातून एकदा पाहायचे ठरले.

शेजारची मुलीची फिल्म वेगळीच होती. मांडीच्या हाडाचा खालचा रुंद भाग, वाढीच्या चकतीच्या लगेच वरचा, काळ्यापांढऱ्या डागांनी भरला होता. निरोगी हाड कुठे संपते आणि रोगट कुठे सुरू होते ते पेन्सिलीने दाखवा, असे मी तरुण डॉक्टरांना सांगितले. दोघांनी दोन वेगळ्या ठिकाणी रेघ ओढली, आणि दोघांचेही बरोबर होते, कारण तिथे सीमाच नव्हती. साधी आणि कर्करोगाची गाठ ओळखताना मी सर्वांत जास्त भर या सीमेवर देतो. गाठ सावकाश वाढते तेव्हा हाडाला तिच्याभोवती बांध घालायला वेळ मिळतो आणि एक्स-रेवर बारीक, पांढरी, सलग कड दिसते. गाठ वेगाने वाढते तेव्हा कृष्णेचे पुराचे पाणी शेतात शिरल्यासारखे होते. बांध फुटतो आणि पाणी कुठवर आले ते नेमके सांगता येत नाही.

आतल्या बाजूची भिंत फुटलेली होती. फुटल्या जागेच्या वरच्या टोकाला हाडावरचे आवरण भिंतीपासून उचलले जाऊन एक लहानसा पांढरा त्रिकोण तयार झाला होता. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. गाठ इतक्या वेगाने बाहेर ढकलते आहे की आवरणाला पूर्ण थर बांधायला सवडच मिळत नाही आणि कडेला तेवढा एक कोपरा बांधून होतो, एवढाच त्याचा अर्थ. तोच त्रिकोण जोरदार जंतुसंसर्गात आणि इतर वेगवान आजारांतही दिसतो, म्हणून तो एकटा पुरावा होत नाही. पण इथे त्याच्या खाली, हाडाला काटकोनात, उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या बारीक पांढऱ्या रेषा मांसात शिरल्या होत्या, आणि मांसातल्या सावलीतही ढगासारखे कच्चे हाड दिसत होते. गाठीच्या पेशी स्वतःच हाड घडवत असल्याची ती खूण.

वय आणि जागा यांनी उरलेले काम केले. ऑस्टिओसार्कोमा हा मुलांच्या आणि किशोरांच्या हाडात सुरू होणारा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. तो प्रामुख्याने दहा ते वीस या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना येतो, आणि निम्म्याहून जास्त वेळा गुडघ्याच्या वर किंवा खाली, त्यानंतर खांद्यालगतच्या दंडाच्या हाडात. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के लांबी गुडघ्याकडच्या चकतीतून वाढते, आणि जिथे पेशी सर्वांत जास्त विभागतात तिथेच हा आजार जास्त सापडतो. म्हणून क्रीडाशिक्षकांनी एवढे लक्षात ठेवावे. किशोरवयातला, एकाच बाजूच्या गुडघ्याचा, तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला ठणका पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही म्हणून संपत नाही. एक्स-रे पुन्हा काढावा लागतो, आणि तरी शंका राहिली तर एमआरआय.

त्या संध्याकाळी तरुण डॉक्टरांशी बोलताना इतर शक्यताही निघाल्या. युइंग सार्कोमा हे मुलांतले दुसरे नाव. जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले. तो लांब हाडाच्या मधल्या भागात किंवा कमरेच्या हाडात येतो, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे आवरणाचे थर दिसतात, आणि त्यात ताप येतो, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढतो. त्यामुळे तो हाडातल्या पुवासारखा भासतो आणि मुलाला महिना महिना अँटिबायोटिक दिले जाते. आपल्याकडे हाडाचा क्षयही यादीत ठेवावाच लागतो. पुवाच्या शंकेने हाड उघडले तरी नमुना जंतुतपासणीसोबत पेशीतपासणीलाही पाठवायचा, हा नियम मला प्रशिक्षणात मिळाला आणि तो मी कधी मोडला नाही. उलट बाजूला, रात्रीचे प्रत्येक दुखणे कर्करोगाचे नसते. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची दीड-दोन सेंटिमीटरच्या आतली साधी गाठ रात्री हमखास जागे करते आणि ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळीने अर्ध्या तासात शांत होते. तिच्यावर सुईतून उष्णता देऊन इलाज होतो. वीस ते चाळीस वयात, वाढीच्या चकत्या बंद झाल्यावर, हाडाच्या अगदी सांध्यालगतच्या टोकाला येणारा जायंट सेल ट्यूमर साध्या गाठींतच मोजतात, पण तो हाड पोखरून टाकतो आणि पुन्हा पुन्हा उगवतो, त्यामुळे 'साधी' या शब्दावर फार विसंबू नये असे मला वाटते. चाळिशीपुढच्या माणसाच्या हाडात गाठ दिसली तर आधी दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग आणि मायलोमा, म्हणजे हाडाच्या मगजातल्या पेशींचा कर्करोग, शोधायचा. मुलांच्या एक्स-रेत योगायोगाने दिसणारे, भिंतीला चिकटलेले, पांढऱ्या कडेचे, न दुखणारे छोटे पोकळसर डाग मात्र बहुधा आपोआप भरून येतात, आणि त्यांना हात लावला की उगीच एक शस्त्रक्रिया होते.

तुकडा कोणी काढायचा

पुढच्या दोन दिवसांत मला सर्वांत जास्त बोलावे लागले ते बायोप्सीवर. मुलीचे मामा म्हणाले, "एवढ्यासाठी मुंबईला कशाला? हितंच तुकडा काढा, कळंल काय त्ये." आजींचे म्हणणे नेमके उलटे होते. "लोखंड लावलं की ह्यो रोग भडकतो, कुणीच काही लावू नका." आजींचा समज चुकीचा आहे, पण आपल्या भागात तो इतका पक्का का बसला आहे ते मला कळते. चुकीच्या जागी चीर घेतलेले, गाठ अर्धवट उकरलेले, जखमेतून गाठ बाहेर आलेले रुग्ण लोकांनी पाहिलेले असतात.

बायोप्सीची सुई ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडल्या असे धरून चालायचे असते. नंतरच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ती वाट गाठीसोबत कापून काढली जाते. म्हणून जो शल्यचिकित्सक पाय वाचवण्याची शस्त्रक्रिया करणार आहे त्यानेच, किंवा त्याच्या सांगण्यावरून, सुईची जागा ठरवायची. वाट पायाच्या लांबीला समांतर, एकाच स्नायूतून, सांध्याबाहेरून, मोठ्या मज्जातंतूंपासून आणि रक्तवाहिन्यांपासून दूर असावी लागते. आडवी चीर घेतली, सांध्यात शिरले किंवा रक्त मांसात पसरू दिले, तर वाचू शकणारा पाय जातो. अमेरिकेत हेन्री मॅनकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात १८ टक्क्यांहून अधिक रुग्णांत बायोप्सीवरचे निदान मोठ्या फरकाने चुकले होते, आणि १५ जणांचा हात किंवा पाय केवळ बायोप्सी चुकल्यामुळे विनाकारण कापावा लागला होता. उपचार करणाऱ्या केंद्राबाहेर बायोप्सी झाली तेव्हा गुंतागुंत कितीतरी पटींनी जास्त होती. १९९६ मध्ये ५९७ रुग्णांवर पुन्हा पाहिले, तेव्हाही चित्र फारसे बदलले नव्हते.

बायोप्सी मला करता येते. माझ्याकडे सुई आहे, भूल देणारे डॉक्टर आहेत, पॅथॉलॉजिस्ट फोनवर आहेत. तरीही ती मी केली नाही, आणि मामांना कारण याच शब्दांत सांगितले : "पायाची पुढची शस्त्रक्रिया मी करणार नाही, म्हणून पहिली सुईही मी लावणार नाही."

एमआरआय मात्र बायोप्सीच्या आधी व्हावा लागतो, कारण सुईनंतरची सूज आणि रक्तस्राव चित्र बिघडवतात. तो सांगलीतच झाला. फक्त गुडघ्याचा न करता मांडीचे पूर्ण हाड, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, त्यात घ्यायला सांगितले, कारण हा आजार मधला भाग निरोगी सोडून त्याच हाडात वर दुसरी छोटी गाठ टाकू शकतो. तशी गाठ नव्हती. मुख्य गाठ अकरा सेंटिमीटर लांब होती, सांध्यात शिरलेली नव्हती, आणि गुडघ्यामागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर चरबीचा पातळ थर शिल्लक होता. पाय वाचवण्याच्या दृष्टीने तो थर म्हणजे मोठी जमेची बाजू. मुलीला लांब स्प्लिंट आणि कुबड्या दिल्या आणि डावा पाय जमिनीवर टेकायचा नाही असे बजावले. पोखरलेले हाड मोडले तर रक्तासोबत पेशी आसपासच्या मांसात पसरतात आणि पाय वाचवणे अवघड होऊन बसते.

वडिलांनी बाहेर नेऊन विचारले, "पाय काढायला लागंल का?" आता बहुतेक मुलांचा पाय वाचतो, पण आपण फार उशीर केला नाही ना ते तिकडचे डॉक्टर सांगतील, असे मी म्हणालो. 'आपण' हा शब्द मी मुद्दाम वापरला आणि जुलैची फिल्म काढून त्यांना तो ठिपका दाखवला. ते बराच वेळ फिल्मकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आता कुठं जायाचं तेवढं सांगा." त्याच रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने ते परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाकडे निघाले. सोबत मुलीच्या दोन्ही एक्स-रेच्या मूळ फिल्म, एमआरआयची सीडी आणि माझे दोन पानी पत्र होते. मोबाईलवर काढलेला एक्स-रेचा फोटो कोणाला दाखवून निर्णय घेऊ नका, असे मी सर्व नातेवाइकांना सांगतो, कारण जो धुरकट ठिपका मला मूळ फिल्मवर दिसला नाही तो फोटोत कोणालाच दिसणार नाही.

पुढचे आठ महिने

सुईच्या बायोप्सीत हाय-ग्रेड, म्हणजे वेगाने वाढणारा, ऑस्टिओसार्कोमा निघाला. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसे स्वच्छ होती. निदानाच्या वेळी पाचांतल्या साधारण एका रुग्णाच्या फुप्फुसांत गाठी दिसतात, त्यामुळे त्या रिपोर्टची मी फोनजवळ बसून वाट पाहत होतो. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमोथेरपी असा क्रम ठरला. फक्त पाय कापून उपचार थांबत असे त्या काळात, १९७०च्या दशकाच्या आधी, पाचांतली चार मुले पुढे फुप्फुसांतल्या गाठींनी दगावत असत, कारण एक्स-रेवर न दिसणाऱ्या पेशी आधीच तिथे पोहोचलेल्या असतात. केमोथेरपी आल्यापासून, आजार पसरलेला नसताना उपचार सुरू झाले तर, साठ ते सत्तर टक्के मुले पाच वर्षांपुढे जगतात.

केमोथेरपीच्या फेऱ्यांमधले दिवस मुलगी गावी असे, आणि तिथे आमचे काम सुरू होत असे. केस गेले, तोंड आले, पांढऱ्या पेशी उतरल्या. दुसऱ्या फेरीनंतर दहाव्या दिवशी रात्री साडेअकराला आईचा फोन आला, ताप १०१. अशा मुलाला सकाळपर्यंत थांबवायचे नसते, पॅरासिटामॉल देऊन पाहायचे नसते. तासाभरात ती मिरजेत दाखल झाली आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाले. गावच्या फॅमिली डॉक्टरांना मी आधीच पत्र देऊन ठेवले होते, त्यांनीच आपली गाडी काढली.

जानेवारीत मांडीच्या हाडाचा खालचा सोळा सेंटिमीटरचा भाग, बायोप्सीच्या वाटेसकट, काढला गेला आणि तिथे धातूचे हाड आणि सांधा बसवला गेला. तिची पाळी सुरू होऊन दीड वर्ष झाले होते, उंचीची बरीचशी वाढ संपली होती, म्हणून पुढे लांबवता येणारा महागडा सांधा लागला नाही. काढलेल्या हाडात ९४ टक्के पेशी मेलेल्या निघाल्या. ९० टक्क्यांहून जास्त निघाल्या की औषध लागू पडले असे मानतात. उरलेल्या फेऱ्या जूनमध्ये संपल्या. खर्चाचा मुद्दा घरात पहिल्या दिवसापासून होता. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट रुग्णालयांतून कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी मिळते, हे निदान सांगतानाच सांगायला हवे, नाहीतर त्याच आठवड्यात एकर-अर्धा एकर ऊस गहाण पडतो.

शस्त्रक्रियेआधी एकदा मुलीने मला एकटीने विचारले होते, "सर, मी परत खो-खो खेळू शकणार का?" नाही, असे मी सांगितले. धावणे, उड्या मारणे, उकिडवे बसणे त्या सांध्याला झेपत नाही. चालणे, जिना चढणे, सायकल चालवणे जमेल. ती रडली. पण त्यानंतर प्रत्येक गोष्ट ती थेट मलाच विचारू लागली, आणि तिच्यापासून काही लपवू नका हे घरच्यांना पटवणे सोपे झाले.

आता ती अकरावीत आहे, काठीशिवाय चालते. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी छातीची तपासणी आणि मांडीचा एक्स-रे असतो. मधली एखादी तपासणी मुंबईच्या डॉक्टरांच्या संमतीने मिरजेत होते, तेव्हा चुलतभाऊच तिला मोटरसायकलवरून आणतो. गेल्या महिन्यात दोघांच्या फिल्म पुन्हा एका व्ह्यूबॉक्सवर लावल्या. तिची फुप्फुसे स्वच्छ होती, धातूच्या खुंटाभोवतीचे हाड घट्ट धरलेले होते. त्याची खुंटी होती तेवढीच होती, साडेतीन सेंटिमीटर. मी मापे दोघांच्या केसपेपरवर लिहिली आणि आजींना फोन करून रात्रीची झोप कशी आहे ते विचारून घेतले.